घर भाड्यानं घेऊन फिरायला जाताना: पहिल्यांदाच जाणाऱ्यांसाठी

हॉटेलात शिरलं की समोर काउंटर असतो. नळाला पाणी नाही, एसी गळतोय, शेजारच्या खोलीत दंगा चाललाय, मध्यरात्री कुणाच्या पोटात दुखायला लागलंय, काहीही झालं तरी सांगायला तिथे माणूस बसलेला असतो. दोन-चार दिवसांसाठी भाड्यानं घेतलेल्या घरात तो काउंटर नसतो. त्या काउंटरची कामं कोण करणार, हे निघण्याआधी ठरलेलं असेल तर सहल सुखाची होते. नसेल तर सुंदर घरातही हाल होतात.

गेली बारा वर्षं आम्ही वर्षातून एकदा तरी कोकणात नाहीतर गोव्यात घर घेऊन राहतो. आम्ही म्हणजे गुडघेदुखीच्या सासूबाई, आम्ही दोघं, दीर-जाऊ आणि तीन मुलं. काही घरांच्या मालकिणींना आम्ही अजूनही दिवाळीला फोन करतो. एका घरातून मात्र रात्री नऊ वाजता सामान गाडीत टाकून निघावं लागलं. दोन्ही प्रकारच्या अनुभवांतून जे शिकले ते इथे क्रमानं लिहिते आहे.

पहिली पायरी: घर हवंय का, आणि कसलं?

दोघांना एका रात्रीसाठी कुठे टेकायचं असेल तर हॉटेल घ्या. घराचा उपयोग सहा-आठ माणसं, तीन पिढ्या, लहान मूल आणि किमान दोन मुक्काम असले की होतो. रात्री बाळाचं दूध गरम करता येतं, पथ्याची मुगाची खिचडी टाकता येते, दुपारी सगळ्यांना एकाच हॉलमध्ये सतरंजीवर आडवं होता येतं.

आपल्याकडे अशी घरं साधारण तीन तऱ्हांची मिळतात. पहिली म्हणजे घरगुती मुक्काम. मालक तिथेच राहतात, आपल्याला दोन खोल्या देतात आणि जेवण त्यांच्याच स्वयंपाकघरातून येतं. दापोली, गुहागर, मालवण या बाजूला अशी घरं खूप आहेत. दुसरा प्रकार पूर्ण बंगल्याचा, ज्याला हल्ली सगळे व्हिला म्हणतात. मालक मुंबईत किंवा दिल्लीत असतो आणि जागेवर केअरटेकर असतो. अलिबाग, नागाव, किहीम, लोणावळा आणि उत्तर गोवा इथे हाच प्रकार जास्त दिसतो. तिसरा सोसायटीतला फ्लॅट. पहिल्यांदा जात असाल आणि सोबत वयस्कर माणूस असेल तर माझं स्पष्ट मत आहे की घरगुती मुक्कामच घ्या. तिथे काउंटरची कामं करणारं माणूस त्याच छपराखाली असतं.

हे मी अनुभवानं सांगते. गुहागरच्या बाजूला एका घरी राहिलो होतो तेव्हा दुसऱ्या रात्री सासूबाईंना उलट्या सुरू झाल्या. मी माजघराच्या दारावर हलकेच टकटक केली. काकू लगेच उठल्या. त्यांचा मुलगा दुचाकीवर जाऊन डॉक्टरांना घेऊन आला, आणि पहाटे काकूंनी मीठ घालून भाताची पेज करून दिली. भाड्यात यातलं काहीच धरलेलं नव्हतं.

दुसरी पायरी: जाहिरात सावकाश वाचा

फोटोंत काय आहे यापेक्षा काय नाही ते शोधा. तीन बेडरूमचं घर आणि न्हाणीघराचा फोटो एकच, तर बाकीची न्हाणीघरं कशी आहेत ते विचारा. पायऱ्यांचा फोटो सहसा कुणी टाकत नाही, आणि गुडघे दुखणाऱ्या माणसाला नेमकं तेच महत्त्वाचं. वाइड अँगलनं काढलेल्या फोटोत दहा बाय दहाची खोलीसुद्धा हॉलसारखी दिसते. पलंगाच्या दोन्ही बाजूंना किती जागा उरली आहे ते पाहिलं की खरा आकार कळतो. ‘समुद्र पाच मिनिटांवर’ असं लिहिलं असेल तर चालत की गाडीनं, हा प्रश्न ठरलेला. एअरबीएनबीसारख्या, घरं भाड्यानं मिळवून देणाऱ्या ॲपवर बुकिंग पक्कं होईपर्यंत नकाशात सहसा नेमकं घर दिसत नाही, फक्त परिसर दिसतो. त्यामुळे अंतर मालकाकडूनच लिहून घ्यावं लागतं.

अभिप्राय वाचताना आधी कमी तारे दिलेले वाचा आणि मग तुम्ही ज्या महिन्यात जाणार त्या महिन्यातले. डिसेंबरात स्वर्ग वाटलेल्या घरात मे महिन्यात पाण्याचा टँकर मागवावा लागत असेल, तर ते मे महिन्यात राहून आलेल्यांनीच लिहिलेलं असतं. जुलैत ओल, डास आणि वारंवार जाणारी लाईट यांबद्दल काही सापडतं का पाहा. कौतुकात एकाच माणसाचा उल्लेख पुन्हा पुन्हा येत असेल, म्हणजे केअरटेकर दादांनी रात्री येऊन मोटर चालू करून दिली वगैरे, तर ते घर यादीत वर घ्या. ‘अप्रतिम’, ‘भारी लोकेशन’ अशा एकेक शब्दाच्या कौतुकातून काहीच कळत नाही.

तिसरी पायरी: पैसे देण्याआधीचे प्रश्न

इथे घाई करू नका. या पायरीला दिलेला अर्धा तास पुढचे तीन दिवस वाचवतो. प्रश्न फोनवर जरूर विचारा, पण उत्तरं ॲपच्या चॅटमध्ये किंवा निदान व्हॉट्सॲपवर लिखित घ्या. मी फोन ठेवला की लगेच संदेश टाकते, “आत्ता बोलल्याप्रमाणे इन्व्हर्टरवर पंखे आणि दिवे चालतील, एसी नाही, बरोबर ना?” समोरून ‘हो’ आलं की झालं.

विचारायचं ते असं. पाणी विहिरीचं, बोअरचं की टँकरचं, आणि मे महिन्यात पुरतं का? लाईट गेली तर कशावर काय चालतं? मुक्कामाच्या खोलीपर्यंत पायऱ्या किती, कठडा आहे का? कमोड आहे का, आणि तो कोणत्या मजल्यावर? स्वयंपाकघर वापरायला मिळेल का, गॅस सिलिंडर भरलेला असतो का, कुकर-कढई आहे का? काही घरांत मांसाहार चालत नाही आणि तो त्यांचा हक्क आहे. पण मासे खायच्या बेतानं निघालेल्या माणसांना ते तिथे पोहोचल्यावर कळू नये. जेवण मिळत असेल तर ताटाचा दर किती, आणि सुरमई-पापलेट ताटात धरलेलं आहे की वेगळं? स्विमिंग पूल आपला एकट्याचा की आवारातल्या इतर घरांबरोबर? शेजारी बांधकाम चालू आहे का? मोबाइलला रेंज येते का? चेक-इनची वेळ काय? आणि भाड्याची गाडी असेल तर ड्रायव्हरच्या झोपायची, अंघोळीची आणि जेवणाची सोय काय? हा शेवटचा प्रश्न बहुतेक जण विसरतात. मग दिवसभर घाटात गाडी चालवलेला माणूस रात्री सीटवर पाय दुमडून झोपतो.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न मात्र हा: रात्री दोन वाजता अडचण आली तर फोन कोण उचलेल, आणि तो माणूस घरापासून किती लांब राहतो? उत्तर गोलमोल आलं तर मी ते घर सोडून देते, फोटो कितीही सुंदर असोत.

हा प्रश्न मी शिकले ती गोव्यातल्या एका व्हिलात. फोटोत निळाशार पूल होता, प्रत्यक्षात तो चार व्हिलांचा मिळून एक निघाला. शेजारी इमारतीचं काम चालू होतं. मालक परराज्यात, आणि त्याच्या केअरटेकरकडे आसपासची अनेक घरं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी टाकीतलं पाणी संपलं आणि केअरटेकरचा फोन बंद. दोन तास वाट पाहून आम्ही निघालो. उरलेल्या दोन रात्रींचे पैसे परत मिळाले. कारण पुलाबद्दलचा प्रश्न आणि मालकाचं खोटं उत्तर ॲपच्या चॅटमध्ये होतं, आणि कोरड्या नळाचा व्हिडिओ आम्ही लगेच पाठवला होता. हेच सगळं तोंडी झालं असतं तर आमच्याकडे दाखवायला काहीच नव्हतं.

चौथी पायरी: पैसे आणि फसवणूक

ॲपवर घर सापडलं असेल तर पैसेही ॲपमधूनच द्या. “थेट द्या, दहा टक्के कमी करतो” असं कुणी म्हणालं तर नकार द्या. ॲपबाहेर पैसे गेले की ॲपचं संरक्षणही गेलं. एअरबीएनबीवर घर जाहिरातीप्रमाणे नसेल, तर अडचण लक्षात आल्यापासून ७२ तासांच्या आत कळवावं लागतं. आधी मालकाला सांगा, ऐकलं नाही तर ॲपच्या मदत विभागाला. परत आल्यावर सावकाश तक्रार करू, असं म्हणत बसू नका.

कोकणातल्या कितीतरी चांगल्या घरगुती मुक्कामांची नोंद मात्र कुठल्याही ॲपवर नसते. तिथे यूपीआयनं थोडे पैसे आगाऊ मागतात आणि ते रास्तही आहे, कारण लोक शनिवारची खोली अडवून ठेवतात आणि येतच नाहीत. अशा ठिकाणी माणसाची खात्री करून घ्या. माझ्या नणंदेच्या मुलानं मित्रांबरोबर नागावला जायचं ठरवलं आणि समाजमाध्यमावरच्या एका पानावरून बंगला घेतला. बारा हजार आगाऊ दिले. शनिवारी सकाळी पत्त्यावर पोहोचले तर तिथे नारळाची वाडी होती, आणि फोन बंद. नंतर कळलं की फोटो गोव्यातल्या भलत्याच घराचे होते.

हे टाळायला तीन गोष्टी पुरतात. एक, फोटो गूगलच्या प्रतिमा-शोधात टाकून पाहा. तोच पूल दुसऱ्या गावाच्या नावानं दिसला तर तिथेच थांबा. दोन, मालकाला व्हिडिओ कॉल करून फाटकापासून न्हाणीघरापर्यंत घर दाखवायला सांगा. खरा मालक फार तर उद्या सकाळी दाखवतो म्हणेल, टाळणार नाही. तीन, पैसे पाठवताना खात्यावर कुणाचं नाव येतं ते बघा आणि ते कुणाचं आहे हे विचारा. ‘परतावा हवा असेल तर हा क्यूआर कोड स्कॅन करून पिन टाका’ असं कुणी सांगितलं तर ती फसवणूकच समजा. पैसे मिळवण्यासाठी यूपीआय पिन कधीच लागत नाही. फसलाच असाल तर एक तासही न दवडता १९३० या सायबर हेल्पलाइनवर कळवा. जितक्या लवकर कळवाल तितकी पैसे पुढे जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता जास्त.

रद्द करण्याचे अटी-नियम पैसे भरण्याआधी वाचा. मूल आजारी पडतं, रजा नाकारली जाते. चार-पाचशे रुपये जास्त पडले तरी मी परतावा मिळणारं बुकिंग घेते. उलटही होतं. ३१ डिसेंबरच्या आठवडाभर आधी मालकानंच आमचं बुकिंग रद्द केलं होतं. पैसे पूर्ण परत आले, पण त्या दिवसांत दुसरं घर कुठून मिळणार? तेव्हापासून लाँग वीकेंडला जायचं असेल तर मी दुसऱ्या एका घराशी आधीच बोलून ठेवते.

पाचवी पायरी: कागदपत्रं

ओळखपत्र मागणं योग्यच आहे. आधार द्यायचं असेल तर मास्क्ड आधार द्या. ते आधार देणाऱ्या यूआयडीएआय या संस्थेच्या संकेतस्थळावरून उतरवून घेता येतं आणि त्यात शेवटचे चारच अंक दिसतात. परदेशी पासपोर्ट असलेले नातेवाईक सोबत असतील तर मालकाला आधीच सांगा. परदेशी पाहुण्याची नोंद २४ तासांच्या आत ऑनलाइन करणं मालकाला बंधनकारक आहे. बोलताना याला सगळे ‘सी फॉर्म’ म्हणतात. छोट्या घरगुती मुक्कामांना हे माहीत नसतं, मग ऐनवेळी दारात अडचण होते.

गोव्यात पाहुणे ठेवणाऱ्या घराला १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली पर्यटन खात्याकडे नोंदणी करावी लागते. महाराष्ट्रातही ‘निवास व न्याहारी’ योजनेत घरं नोंदवली जातात. नोंदणी क्रमांक विचारायला संकोचू नका. ज्याच्याकडे असतो तो अभिमानानं सांगतो. सोसायटीतला फ्लॅट असेल तर सोसायटीची परवानगी आहे का तेही विचारा, नाहीतर रखवालदार लिफ्टपाशीच अडवतो.

सहावी पायरी: पोहोचल्यावरचा पहिला अर्धा तास

सामान उघडण्याआधी एक चक्कर मारा आणि मोबाइलवर व्हिडिओ काढा. भिंतीवरची ओल, फुटकी फरशी, गादीवरचे डाग, टीव्हीचा तडा, सगळं घ्या. जाताना याच गोष्टींवरून डिपॉझिटचा वाद होतो. प्रत्येक नळ सोडून बघा, फ्लश ओढून बघा, प्रत्येक दाराची कडी लावून बघा. जे बिघडलेलं असेल त्याचा फोटो तेव्हाच मालकाला पाठवा.

आता जिवाशी संबंधित तीन गोष्टी. न्हाणीघरात गॅसचा गिझर असेल तर खिडकी किंवा झरोका उघडा असल्याशिवाय तो लावू नका. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड साठतो, त्याला वास नसतो, आणि माणूस हाक मारायच्या आत बेशुद्ध पडतो. मुलांना त्या न्हाणीघराची कडी लावू देऊ नका. दुसरं, पूल. खासगी व्हिलाच्या पुलावर जीवरक्षक नसतो. मोठी माणसं गप्पांत असताना लहान मूल आवाज न करता पाण्यात जातं, म्हणून आम्ही घरातल्या एकेकाला तासातासाची पाळी लावतो आणि त्या वेळात त्या माणसानं फोन हातात घ्यायचा नाही. तिसरं, समुद्र. घर किनाऱ्याला लागून असलं म्हणजे समुद्र आपला झाला असं नाही. भरतीची वेळ आणि कुठे पाय घालायचा नाही ते केअरटेकरला किंवा जवळच्या कोळीवाड्यात विचारा, आणि सांगितलेलं ऐका. रात्री अंगणात जाताना टॉर्च आणि पायात चप्पल हवीच. वाडीत साप-विंचू निघतात.

कॅमेऱ्यांबद्दल बरेच जण विचारतात. एअरबीएनबीनं २०२४ पासून घराच्या आत कॅमेरा लावायला पूर्ण मनाई केली आहे. बाहेर फाटकावर असेल तर तो जाहिरातीत लिहिलेला असला पाहिजे. आत काही संशयास्पद दिसलं तर हात न लावता फोटो काढा, बाहेर पडा आणि ११२ ला फोन करा.

सातवी पायरी: राहताना

तुम्ही सुट्टीवर आहात, गाव सुट्टीवर नाही. शेजारच्या घरात दहावीची परीक्षा असेल, कुणी आजारी असेल. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर लाउडस्पीकर लावायला कायद्यानंच बंदी आहे. गोव्यात समुद्रकिनाऱ्यावर दारू पिणं आणि उघड्यावर स्वयंपाक करणं यालाही दंड आहे. मे महिन्यात विहिरीचा तळ दिसत असताना तीनदा शॉवर घेतला, तर त्या पाण्यासाठी मालकीण दुसऱ्या दिवशी टँकरवाल्याच्या विनवण्या करते. कचऱ्याचं काय करायचं ते विचारा आणि प्लास्टिकच्या बाटल्या गाडीतून परत न्या. छोट्या गावात घंटागाडी रोज येत नाही.

परदेशात मुलांकडे जाताना घर घेणार असाल तर थोडं वेगळं

तिथे केअरटेकर नसतो. चावी दाराजवळच्या लॉकबॉक्समध्ये असते आणि त्याचा कोड फोनवर येतो. तो विमानात बसण्याआधीच कागदावर लिहून घ्या, कारण उतरल्यावर इंटरनेट चालेलच असं नाही. साफसफाईचे पैसे वेगळे लागतात, म्हणून दर रात्रीचा आकडा न पाहता एकूण रक्कम पाहा. जुन्या इमारतींत लिफ्ट नसते. आणि फोडणी करताना खिडकी उघडा, चिमणी लावा आणि झाकण हाताशी ठेवा. लंडनमध्ये पहिल्याच सकाळी पोह्यांच्या फोडणीनं धुराचा अलार्म वाजला आणि वरच्या मजल्यावरची म्हातारी बाई घाबरून जिन्यात आली. अलार्मवर कापड मात्र कधीही बांधू नका.

नियमही शहरागणिक बदलतात. न्यूयॉर्कमध्ये सप्टेंबर २०२३ पासून नियम कडकपणे लागू झाले. ३० दिवसांपेक्षा कमी मुक्काम असेल तर यजमानानं त्याच घरात राहायला हवं आणि पाहुणे दोघांपेक्षा जास्त नकोत. जपानमध्ये २०१८ च्या कायद्यानं अशा घरांना नोंदणी सक्तीची झाली आणि वर्षाला १८० दिवसांची मर्यादा आली. बार्सिलोनानं तर २०२८ पर्यंत पर्यटकांच्या फ्लॅटचे सगळे परवाने संपवायचं जाहीर केलं आहे, कारण स्थानिकांना भाड्यानं घरं मिळेनाशी झाली. जिथे नोंदणी सक्तीची आहे तिथे जाहिरातीत नोंदणी क्रमांक नसेल तर ते घर घेऊ नका.

आठवी पायरी: निघताना आणि नंतर

पुन्हा व्हिडिओ काढा, केअरटेकरबरोबर घरातून फिरा, डिपॉझिट तिथल्या तिथे परत मागा. काही फुटलं असेल तर स्वतःहून सांगा आणि भरून द्या. एअरबीएनबीवर आपण निघाल्यापासून १४ दिवसांपर्यंत मालक नुकसानभरपाई मागू शकतो, तोवर फोटो पुसू नका. डिपॉझिट विनाकारण अडकवलं आणि बोलून सुटत नसेल, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवता येते. ज्या बाईंनी झाडलोट आणि भांडी केली, त्यांच्या हातात काहीतरी ठेवून निघा. भाड्यातून त्यांच्यापर्यंत किती पोहोचतं हे आपल्याला दिसत नसतं.

अभिप्राय लिहा. एअरबीएनबीवर त्यासाठी १४ दिवस असतात आणि दोन्ही बाजूंनी लिहिल्यावर किंवा मुदत संपल्यावरच दोन्ही अभिप्राय दिसतात. त्यामुळे मालक सूड म्हणून वाईट लिहील ही भीती बाळगू नका. पुढच्या माणसाला कामी येईल ते लिहा. गुहागरच्या त्या घराबद्दल मी लिहिलं होतं: “ओटीला चार उंच पायऱ्या, कठडा नाही. न्हाणीघर मागच्या दारी, रात्री टॉर्च लागतो. डॉक्टर दुचाकीवर दहा मिनिटांच्या अंतरावर. काकू एका हाकेला उठतात.” पुढच्या वर्षी गेलो तेव्हा ओटीच्या पायऱ्यांना लाकडी कठडा बसवलेला होता, आणि सासूबाई त्याला धरून माझ्या आधी वर पोहोचल्या.